बेडूक तोच, नाव दुसरं

धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात प्राणिशास्त्र विभागाने बेडकांवर वर्षानुवर्षं काम केलं. पियूषिका ग्रंथीतून स्रवणारी गोनाडोट्रॉपिन ही संप्रेरकं अंडाशयावर कसा अंमल चालवतात, हा तिथला जिव्हाळ्याचा प्रश्न. डॉ. एस. के. सैदापूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलेलं आहे. 'राना सायनोफ्लिक्टिस' या बेडकाच्या अंडाशयाच्या चक्रावरचा धारवाडचा लेख १९८५ साली 'जर्नल ऑफ मॉर्फॉलॉजी'त आला.

हे काम आज शोधायचं कसं?

आधी जुनी रीत पाहू. संगणक येण्यापूर्वी वैद्यकीय संशोधन शोधायची राजवाट म्हणजे 'इंडेक्स मेडिकस'. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली अमेरिकेत सुरू केलेली ही छापील सूची. विषयाचं शीर्षक काढायचं, बारीक टाइपातल्या नोंदींवर बोट फिरवायचं, कामाचा लेख दिसला की कागदावर उतरवायचा आणि पुढच्या वर्षाचा खंड ओढायचा. नियतकालिक गावात नसेल तर दिल्लीच्या इन्सडॉककडून प्रत मागवायची. ही संस्था १९५२ पासून अशी सेवा देत होती.

१९६४ साली हीच सूची 'मेडलार्स' या नावाने संगणकावर चढली. काम झपाट्याने होऊ लागलं, पण नेमकं किती हाती लागतं? एफ. डब्ल्यू. लँकेस्टर यांनी १९६६-६७ मध्ये सुमारे ३०० खऱ्या प्रश्नांवर ते तपासलं. उपयोगाचे म्हणून इतर मार्गांनी आधीच माहीत असलेले लेख यंत्राला सापडतात का, हे त्यांनी पाहिलं. सरासरी ५८ टक्केच सापडले, आणि यंत्राने काढून दिलेल्या यादीतले निम्मे लेख बिनकामाचे निघाले. शोधपद्धतींची तुलना करताना हाच आकडा पहिल्यांदा पाहायला हवा, कारण निसटलेला लेख आपण होऊन हजर होत नाही.

१९९७ पासून या संगणकीय सूचीचं इंटरनेटवरचं रूप, 'पबमेड', सर्वांना मोफत मिळू लागलं. संप्रेरकांच्या नावांचा गुंता तिथे बराच सुटलेला आहे. 'ॲड्रेनॅलिन' टाइप केलं तरी अमेरिकी नावाने, म्हणजे 'एपिनेफ्रिन'खाली, नोंदलेले लेख समोर येतात. वर्षानुवर्षं लेख वाचून ज्यांनी ठरावीक शीर्षकं लावली, त्या माणसांची ती पुण्याई.

बेडकाच्या बाबतीत मात्र घोटाळा होतो. १९९२ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आलँ द्युब्वा यांनी बेडकांच्या वर्गीकरणाची फेरमांडणी केली. 'राना टिग्रिना' पुढे 'हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस' झाला, तर 'राना सायनोफ्लिक्टिस' झाला 'युफ्लिक्टिस सायनोफ्लिक्टिस'. नवं नाव शब्दशः टाकून शोधणाऱ्याला १९८५ चा लेख हुकू शकतो, कारण त्याच्या मथळ्यात जुनंच नाव छापलेलं आहे. बेडकांच्या अख्ख्या कुळाचं शीर्षक घेतलं तर जाळं मोठं पडतं, मग नको ते निवडून टाकण्यात दिवस जातो.

यावर युजीन गारफिल्ड यांची वाट कामी येते. १९६४ पासून नियमित निघू लागलेल्या त्यांच्या 'सायन्स सायटेशन इंडेक्स'मध्ये एखाद्या लेखाचा दाखला नंतर कोणी कोणी दिला ते दिसतं. २००४ साली आलेला 'गुगल स्कॉलर'ही ते फुकटात दाखवतो. इथे बेडकाचं नाव काहीही असो, धागा तुटत नाही. मात्र ज्या लेखाचा दाखला कोणीच दिला नाही, तो याही वाटेने मिळत नाही. त्यामुळे धारवाडच्या या कामाचा आढावा घेणाऱ्याने आधी दोन्ही नावं टाकावीत, मग दाखल्यांचा माग काढावा आणि १९९२ पूर्वीच्या लेखांसाठी 'राना'पासूनच सुरुवात करावी.