दुसऱ्या पंगतीतले उंदीर

राजाच्या ताटातले अन्न आधी अग्नीला आणि पक्ष्यांना द्यावे, मगच राजाने जेवावे, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितले आहे. आधी प्राणी, मग माणूस हा त्यातला क्रम आहे. आजच्या प्रयोगशाळेतील पांढरा उंदीर हा त्या पक्ष्यांचाच वारसदार, असे आपण गृहीत धरतो. खाण्याच्या कृत्रिम रंगांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. या पंगतीत पहिल्यांदा माणूस बसला, आणि उंदीर बहुतेक वेळा दुसऱ्या पंगतीला आला.

मी विज्ञानाचा पदवीधर नाही. गोंदियाजवळच्या मुर्रीत राहून जुने अहवाल आणि शोधनिबंध मिळतील तसे वाचत आलो. या विषयाकडे ओढला गेलो तो आमच्या मंडयांमुळे. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार किंवा नाटक, दिवसा दुकानांची रांग. जिलेबी, बुंदी, बर्फाचे गोळे, बुढ्ढी के बाल. यातला पिवळा, हिरवा, गुलाबी रंग कोठून येतो, हा साधा प्रश्न होता. रंगाच्या सुट्या पुडीवर कोणाचे नाव नसते आणि आत काय आहे ते डोळ्यांना कळत नाही. त्या पुडीचा माग काढताना मी आधी इंग्लंड, मग जपान आणि शेवटी परळला पोहोचलो.

१८५६ साली विल्यम पर्किन या इंग्रज तरुणाला कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग मिळाला. तो कापडासाठी होता. त्यानंतर असे शेकडो रंग निघाले आणि कापडाच्या हौदातून ते अलगद मिठाईच्या कढईत उतरले. हळद, केशर किंवा पळसाच्या फुलांपेक्षा ते स्वस्त होते आणि चिमूटभर पुरत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी सरकारने बर्नार्ड हेस या रसायनतज्ज्ञाला बाजारातले रंग तपासायला सांगितले. त्याने सुमारे ८० रंग पाहिले आणि खाण्याजोगे ठरवले फक्त ७. बाकीचे रंग तोवर लोकांच्या पोटात जातच होते.

उंदराची साक्ष किती मोलाची, हे जगाला कळले ते १९३० च्या दशकात. जपानमध्ये ओसाका येथे रिओजुन किनोशिता यांनी 'बटर यलो' नावाचा रंग उंदरांच्या खाद्यात मिसळला. लोण्याला पिवळेपणा आणणारा हा रंग. काही महिन्यांत उंदरांच्या यकृतात कर्करोग दिसला. भाताच्या कोठाराशेजारी राहणाऱ्या मला यातला पुढचा भाग अधिक अस्वस्थ करतो. हे उंदीर मुख्यतः तांदळावर पोसलेले होते. पुढे अमेरिकेत आढळले की त्याच खाद्यात यीस्टसारखे जीवनसत्त्व आणि प्रथिने देणारे पदार्थ घातले, तर कर्करोगाचे प्रमाण घटते. म्हणजे विष एकच असले, तरी ताटात त्याच्यासोबत काय आहे यावर त्याचा परिणाम ठरतो. रंगाचा विचार भुकेला वगळून करता येत नाही.

यातून चाचणीची एक शिस्त आकाराला आली. उंदरांचे गट करायचे, प्रत्येक गटाला वाढती मात्रा द्यायची, दोन वर्षे म्हणजे जवळजवळ आयुष्यभर खाऊ घालायचे, मग प्रत्येक अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. ज्या मात्रेला काहीच बिघाड दिसत नाही, तिला शंभराने भागायचे. दहा पट अंतर उंदीर आणि माणूस यांच्यात, दहा पट माणसामाणसांत. १९५४ साली लेहमन आणि फित्झह्यू या अमेरिकी शास्त्रज्ञांनी हा शंभराचा हिशेब मांडला. टार्ट्राझिन या पिवळ्या रंगाबाबत उंदरांत निर्धोक ठरलेली मात्रा शरीराच्या दर किलोला ७५० मिलिग्रॅम होती. म्हणून माणसासाठी रोजची मर्यादा आली किलोमागे ७.५ मिलिग्रॅम. पुढे ती १० पर्यंत वाढवली गेली.

आता हा हिशेब आपल्याकडे लावू. आपला भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा, नियम १९५५ चे. पुढे परवानगीच्या यादीत आठ कृत्रिम रंग उरले. २०११ च्या नियमांनी त्यांची कमाल मर्यादा ठेवली अन्नाच्या एका किलोत १०० मिलिग्रॅम. पंधरा किलो वजनाच्या मुलाला जुन्या मर्यादेनेही टार्ट्राझिन दिवसाला ११२ मिलिग्रॅम चालते. म्हणजे एक किलोहून अधिक मिठाई. तेवढी कोणी खात नाही. पण यादीतल्याच एरिथ्रोसिन या गुलाबी रंगाची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. त्याच मुलाला दीड मिलिग्रॅम, म्हणजे पंधरा ग्रॅम मिठाई. एखाद्या पेढ्याएवढी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांच्या पोटात टार्ट्राझिन, सनसेट यलो आणि एरिथ्रोसिन मर्यादेपेक्षा अधिक जात असल्याचे आढळले होते.

हे झाले यादीतल्या रंगांचे. खरी गोष्ट यादीबाहेर आहे. मेटॅनिल यलो, मॅलाकाइट ग्रीन, रोडामाइन बी हे कापड, कागद, चामडे यांचे रंग. कोणताही कारखानदार ते खाण्यासाठी म्हणून परवाना मागत नाही. त्यामुळे त्यांची चाचणी करून दाखवण्याची जबाबदारीही कोणावर येत नाही. हळदीत, डाळीत, लाडवात पिवळा म्हणून मेटॅनिल यलो आणि भाजी ताजी दिसावी म्हणून मॅलाकाइट ग्रीन वापरले जाते, हे कळल्यावर ती चाचणी सरकारी पैशाने, सार्वजनिक संस्थांनी केली. लखनौची औद्योगिक विषविज्ञान संस्था १९६५ साली स्थापन झाली. तेथे एस. के. खन्ना, मुकुल दास आदींनी या रंगांवर वर्षानुवर्षे काम केले. १९९३ साली बंगळुरूच्या निम्हान्समधील नागराज आणि देसिराजू यांनी मेटॅनिल यलो दीर्घकाळ दिलेल्या उंदरांच्या मेंदूतील रसायने मोजली. वाढत्या वयाच्या उंदरांत रंग बंद केल्यावरही बरेच बदल टिकून राहिले, आणि शिकवलेली कृती आत्मसात करायला रंग खाल्लेल्या उंदरांना अधिक वेळ लागला.

तिसरे काम मुंबईचे. परळच्या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत के. व्ही. के. राव यांच्या गटाने २००० च्या आसपास या दोन रंगांचा वेगळा प्रश्न विचारला. आधी उंदरांना यकृताचा कर्करोग सुरू करणारे ठाऊक असलेले रसायन दिले, मग रंग. यकृतातल्या कर्करोगपूर्व गाठींची वाढ रंगामुळे जोमाने झाली. हा रंग एकटाच कर्करोग घडवतो, असे या प्रयोगाने सांगितले नाही. लागलेल्या ठिणगीवर तो फुंकर घालतो, एवढे सांगितले. ज्या समाजात तंबाखू आणि दारू यांच्या ठिणग्या घरोघरी आहेत, तेथे ही साक्ष लहान नाही.

उंदराची साक्ष अंतिम नसते, हेही नोंदवायला हवे. आमच्या पूर्व विदर्भातली लाखोरीची डाळ घ्या. ती सतत आणि भरपूर खाल्ल्याने माणसाचे पाय कायमचे लुळे पडतात, म्हणून १९६१ पासून तिच्या विक्रीवर बंदी आली. १९६४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा यांनी तिच्यातले विष वेगळे केले. त्याला कोंबडीची नवजात पिल्ले बळी पडली, प्रौढ उंदीर मात्र सहसा दाद देत नाही. केवळ उंदरावर भिस्त ठेवली असती, तर लाखोरी निर्दोष सुटली असती. उलट उदाहरण एरिथ्रोसिनचे. नर उंदरांत थायरॉइडच्या गाठी दिसल्या म्हणून अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये त्याची खाद्यपदार्थांतील परवानगी काढून घेतली. ती काढताना, उंदरात गाठी ज्या प्रक्रियेने होतात ती माणसात घडत नाही, असेही तिथल्याच प्रशासनाने सांगितले. एकदा उंदीर फार टणक निघाला, एकदा फार नाजूक.

तरी एका बाबतीत उंदीर कधी चुकला नाही. त्याला जे दिले ते त्याने खाल्ले आणि शरीराने उत्तर दिले. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने प्रयोगांना परवानगी दिली ती ज्ञान वाढावे आणि जीव वाचावेत म्हणून. लखनौ, बंगळुरू, मुंबई येथील पिंजऱ्यांमधून ज्ञान तर आले. त्यानंतर त्याचे काय झाले? २०२४ च्या फेब्रुवारीत पुदुच्चेरी आणि तमिळनाडूने रंगीत बुढ्ढी के बालवर बंदी घातली. कारण रोडामाइन बी. तो रंग खाण्यासाठी नाही, हे कायद्याने पूर्वीच सांगितले होते. नवे काही सिद्ध झाले नव्हते. जुने उत्तर तेवढे कोणीतरी मोठ्याने वाचले.

मंडईत दुकान मांडणारा हलवाई खलनायक नाही. त्याच्या हाती येणारी पुडी सुटी आणि निनावी असते आणि गिऱ्हाईक भडक रंगाकडेच वळते. प्रश्न त्या पुडीच्या उगमाशी सोडवायचा आहे. खाण्याचा रंग बंद, नाव छापलेल्या पाकिटातच विकला जाईल आणि कापडाचा रंग किराणा दुकानात मिळणार नाही, एवढे साधले तरी पुष्कळ होईल. त्याला नवा प्रयोग लागत नाही, नवा उंदीरही लागत नाही. दुसऱ्या पंगतीला बसलेल्यांनी जेवून, मरून, आपले उत्तर दिलेले आहे. पहिल्या पंगतीत मात्र अजून वाढणे चालू आहे, आणि तिथे सर्वांत पुढे मुले बसली आहेत.