जाब, जवाब आणि एक न लागू झालेलं कलम

आठवीच्या वर्गात मी दरवर्षी एक खेळ घेतो. फळ्यावर मराठी शब्द लिहितो आणि मुलांना त्यात लपलेला उर्दू शब्द शोधायला सांगतो. फिर्याद, जामीन, कैद, वकील, हिशेब ही नावं मुलं पटापट सांगतात. ‘जाब’ आला की थोडा वेळ जातो. मग मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं, ‘सर, जवाब!’ बरोबर. उर्दूत जवाब म्हणजे साधं उत्तर. मराठीत मात्र जाब ‘विचारला’ जातो, तोही ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला. घरातल्या थोरल्यापासून सरकारपर्यंत कुणालाही. शब्द आमच्याकडून आला, धार मराठीने लावली.

हे आठवायचं कारण म्हणजे रामभाऊ म्हाळगी. आमच्या ब्लॉगवर हे नाव पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. म्हाळगी संघाचे, जनसंघाचे. महाराष्ट्रात जनसंघ उभा करणाऱ्या पहिल्या फळीतले. माझ्या विचारांशी त्यांचं जमण्यासारखं फार काही नाही. पण आमदाराने जाब कसा विचारावा आणि स्वतः तो कसा द्यावा, यावर मराठीत लिहायचं तर त्यांना टाळून लिहिता येत नाही.

म्हाळगींचा जन्म 9 जुलै 1921 चा, पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या कडूस गावचा. 1957 साली ते मावळमधून विधानसभेत गेले. पुढे 1967 आणि 1972 मध्ये पुण्याच्या शुक्रवार पेठेतून निवडून आले. त्यांची एक सवय प्रसिद्ध होती. आमदार म्हणून वर्षभरात काय केलं याचा अहवाल ते मतदारांपुढे ठेवत. असा अहवाल द्या असं कोणताही कायदा आमदाराला सांगत नाही, तेव्हाही सांगत नव्हता. माणूस स्वतःहून हिशेब देत होता. आमच्याकडे हिशेब या शब्दाला आखिरतचं वजन आहे. हशरच्या मैदानात प्रत्येकाला आपला हिशेब स्वतः द्यायचा आहे, असं लहानपणापासून शिकवलेलं असतं. पाच वर्षांनी एकदा नाही, दरवर्षी हिशेब देणारा आमदार मला म्हणूनच परका वाटत नाही.

आता मुद्द्याकडे येतो. राष्ट्रीय सुरक्षा हा म्हाळगींच्या पक्षाचा जिव्हाळ्याचा विषय. सैन्य बळकट हवं, सीमेवर तडजोड नको, ही त्यांची भाषा. पण याच पक्षाच्या जुन्या पिढीला सुरक्षेच्या नावाने होणाऱ्या विनाचौकशी अटकेची चीड होती. ही गोष्ट आज डावे विसरलेत आणि उजवेही. पक्षाचे संस्थापक श्यामाप्रसाद मुखर्जी 1952 मध्ये लोकसभेत प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याविरुद्ध बोलले, आणि 23 जून 1953 रोजी श्रीनगरला स्थानबद्धतेतच वारले. 1971 मध्ये बांगलादेशचा प्रश्न पेटलेला असताना इंदिरा गांधींच्या सरकारने अंतर्गत सुरक्षा कायदा, म्हणजे ‘मिसा’, आणला. त्याला लोकसभेत विरोध करणाऱ्यांत अटलबिहारी वाजपेयी होते. पोलिसी राज्याची ही सुरुवात आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. सीमेवर युद्धाचे ढग, आणि राष्ट्रवादी म्हणवणारा पक्ष म्हणतोय की सरकारला एवढा अधिकार देऊ नका!

या अधिकाराचं काय होतं, याचा एक मासला महाराष्ट्राने आधीच पाहिला होता. चीनच्या युद्धानंतर भारत संरक्षण नियमांखाली कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ नावाचं मराठी पुस्तक लिहिलं. विज्ञानाचं, शाळकरी पोरांनीही वाचावं असं. हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवायची परवानगी मागितली, तर सरकारने नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1965 मध्ये संझगिरी जिंकले. अणूची रचना मराठीत सांगितल्याने देशाच्या संरक्षणाला नेमका कोणता धक्का बसणार होता, हे सरकारला शेवटपर्यंत पटवून देता आलं नाही. मी हा किस्सा विज्ञानाच्या सरांना सांगितला तेव्हा ते दोन मिनिटं हसत होते. मग म्हणाले, ‘हसू नये खरं तर.’

25 जून 1975 ला आणीबाणी आली आणि मिसाचं खरं रूप दिसलं. 29 जूनला कायद्यात 16 अ हे कलम घुसवलं गेलं. माणूस का पकडला हे त्याला सांगायचीही गरज उरली नाही. शहा आयोगाच्या आकड्यांनुसार आणीबाणीत देशभर सुमारे 35 हजार माणसं मिसाखाली आत होती, आणि 75 हजारांहून जास्त भारत संरक्षण नियमांखाली. 4 जुलैला संघावर बंदी आली, आणि त्याच दिवशी जमाअते इस्लामीवरही. संघाचे सरसंघचालक बाळासाहेब देवरस येरवड्यात होते, म्हाळगीही येरवड्यात. आमदारकी चालू आणि आमदार तुरुंगात. तिथूनही ते विधानसभेकडे प्रश्न पाठवत राहिले, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं.

तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. वाशीम जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. मंगरुळपीरकडचे एक चाचा जमाअतचे होते, तेव्हा ऐन तिशीतले. ते मला सांगायचे, ‘बेटा, आम्हाला वाटलं होतं, संघवाले आणि आम्ही एका बरॅकीत म्हणजे रोज मारामाऱ्या.’ झालं उलटंच. त्या वर्षीचा रमजान सप्टेंबरात आला. घड्याळं सगळ्यांकडे नव्हती. शाखेत जायची सवय असल्याने पहाटे उठणारा एक ब्राह्मण मास्तर चाचांना सेहरीसाठी हाक मारायचा. चाचा त्याला उर्दू अक्षरं शिकवायचे आणि तो यांना गीतेतले श्लोक म्हणून दाखवायचा. सुटल्यावर दोघं आपापल्या गल्लीत परतले. पुढे एकमेकांच्या घरी फक्त लग्नाला गेले, एकेकदाच. चाचांच्या बोलण्यात याची खंत होती, पण ते त्यावर फार बोलत नसत.

पकडलेल्यांनी उच्च न्यायालयांत धाव घेतली. अनेक न्यायालयांनी, त्यांत आमचं नागपूर खंडपीठही आलं, निदान एवढं मानलं की अटक कायद्याला धरून झाली की नाही हे आम्ही तपासू शकतो. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. सुनावणीत न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारलं, की एखाद्या पोलिसाने वैरापोटी कुणाचा जीव घेतला तर? उत्तर आलं की आणीबाणी आहे तोवर त्यावरही न्यायालयात इलाज नाही. 28 एप्रिल 1976 ला निकाल लागला तो चार विरुद्ध एक असा. खन्ना एकटे पडले. सरकारच्या बाजूने गेलेल्या चौघांत यशवंतराव चंद्रचूड होते. चंद्रचूड घराण्याचं मूळ गाव कन्हेरसर, तेही खेड तालुक्यातलंच. एकाच तालुक्याच्या मातीतला एक जण कोठडीत आणि दुसरा न्यायासनावर, आणि मधे तोच एक कायदा! या निकालाला 2017 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने मूठमाती दिली. तेव्हाचं मुख्य निकालपत्र लिहिणारे होते यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड.

मार्च 1977 मध्ये म्हाळगी ठाण्यातून लोकसभेवर गेले. म्हणजे ज्यांना सरकारने कोंडलं, तेच आता सत्तापक्षाच्या बाकांवर. इथे माणसाची परीक्षा असते. जनता पक्षाने मिसा रद्द केला, पण त्याआधी डिसेंबर 1977 मध्ये याच सरकारने प्रतिबंधक स्थानबद्धता साध्या फौजदारी प्रक्रिया संहितेतच घालायचं विधेयक आणलं होतं. आरडाओरड झाली तेव्हा ते मागे घेतलं. तुरुंगातून सुटून वर्षही झालं नव्हतं!

त्यानंतर आली 44 वी घटनादुरुस्ती. तिने ठरवलं की आणीबाणीतही जगण्याचा हक्क स्थगित करता येणार नाही. तिच्या तिसऱ्या कलमात स्थानबद्धांसाठी मोलाची तरतूद होती. चौकशीविना कुणालाही दोन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचं तर सल्लागार मंडळाची संमती हवी. ते मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमायचं, आणि अध्यक्ष कामावर असलेलाच न्यायाधीश हवा. म्हणजे सरकारच्या मर्जीतली मंडळी नकोत. एप्रिल 1979 मध्ये राष्ट्रपतींची सही झाली. बहुतेक कलमं 20 जून 1979 पासून लागू झाली. तिसरं कलम मात्र ‘नंतर अधिसूचना काढू’ म्हणून बाजूला ठेवलं. पुढच्याच महिन्यात सरकार पडलं.

ती अधिसूचना आजपर्यंत निघालेली नाही. इंदिरा गांधींनी 1980 मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आणला. एक वर्षापर्यंत कैद, आणि सल्लागार मंडळापुढे वकील देण्याचा हक्क नाही. 1981 मध्ये ए. के. रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला विचारलं गेलं की सरकारला ते कलम लागू करायला सांगाल का. न्यायालयाने सांगायचं नाकारलं. तेव्हा सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. राजीव गांधी आले, नरसिंह राव आले, कुणी हात लावला नाही. 1998 ते 2004 वाजपेयी पंतप्रधान होते, आणि गृहखातं लालकृष्ण अडवाणींकडे होतं. दोघंही मिसाचे कैदी. एका अधिसूचनेचं काम होतं, संसदेत बहुमतही लागत नव्हतं. त्यांनी ते केलं नाही. उलट 26 मार्च 2002 रोजी संसदेचं संयुक्त अधिवेशन बोलावून ‘पोटा’ मंजूर करून घेतला. म्हाळगी हे पाहायला नव्हते, 6 मार्च 1982 ला ते गेले. त्यांच्या नावाची प्रबोधिनी आज भाईंदरजवळ उत्तनला लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देते. तिथे हे तिसरं कलम कुणी शिकवतं का, याची मला उत्सुकता आहे.

मी म्हाळगींना डोक्यावर घेऊन नाचतोय असं वाटायला नको. 1970 मध्ये भिवंडी, जळगाव आणि महाडला दंगली झाल्या. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने भिवंडीच्या दंगलीआधीच्या वातावरणाबद्दल जनसंघाच्या स्थानिक मंडळींवर कडक ताशेरे ओढले. तपास करणाऱ्या पोलीस पथकाने एकाच समाजाला अडकवण्यासाठी कसं काम केलं, हेही त्या अहवालात तपशीलवार आहे. त्या अहवालावर सरकारला जाब विचारण्याची जशी गरज होती, तशीच म्हाळगींच्या पक्षाने स्वतःला विचारण्याचीही होती. तिथे त्या शिस्तीचा हिशेब मला सापडत नाही. आणि खरं सांगायचं तर आमच्या नेत्यांनीही मिसाविरुद्ध आवाज उठवला तो मुख्यतः आपली माणसं आत गेल्यावरच.

2025 चा जुलै महिना मला विसरता येत नाही. 21 तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने 2006 च्या लोकल बॉम्बस्फोटांतल्या सर्व 12 जणांना निर्दोष ठरवलं, 19 वर्षांनी. दहा दिवसांनी विशेष न्यायालयाने 2008 च्या मालेगाव स्फोटातल्या साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर यांच्यासह सात जणांना सोडलं. शिक्षकांच्या खोलीत पहिल्या निकालाला अर्धे लोक गप्प होते, दुसऱ्याला उरलेले अर्धे. लोकलमध्ये 180 हून अधिक माणसं मेली होती, मालेगावात सहा. मग बॉम्ब ठेवले कुणी? हा प्रश्न दोन्ही वेळा खोलीत कुणी विचारला नाही. आमच्यात सुरक्षेची सर्वांत जास्त काळजी करणारे एक सर आहेत, मी त्यांनाच विचारलं. खरे गुन्हेगार मोकळे असतील तर देश सुरक्षित कसा, आणि तपासाचा जाब कोण देणार? ते म्हणाले, ‘तुमचं बरोबर आहे, पण हे असं उघड बोलायचं नसतं.’ त्याच महिन्यात विधिमंडळाने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं होतं.

सेहरीला हाक मारणारा तो मास्तर अजून आहे. नव्वदीला टेकलेत. आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांना सरकारने 2018 मध्ये मानधन सुरू केलं, 2020 मध्ये ते थांबलं, 2022 मध्ये पुन्हा चालू झालं. मास्तरांना ते मिळतं. चाचांनी अर्जच केला नव्हता. मी एकदा फॉर्म घेऊन गेलो तर म्हणाले, ‘रहने दे बेटा.’ ते गेले त्याला आता काही वर्षं झाली. मागच्या दिवाळीत मास्तरांना फराळासाठी भेटलो तेव्हा त्यांनी कपाटातून एक चाळीस पानी वही काढली. पहिल्या पानावर पेन्सिलीने अलिफ, बे, पे लिहिलेलं होतं. अक्षर वाकडं, पण नुक्ते सगळे जागच्या जागी.