बांडुंग : एका रस्त्याचा इतिहास

बांडुंगला जाणाऱ्या प्रवाशाच्या हाती पडणारी यादी बहुधा ठरलेली असते. ज्वालामुखीचे विवर, चहाचे मळे, गरम पाण्याची कुंडे, बांबूच्या वाद्यांचा कार्यक्रम आणि ब्रागा रस्त्यावरची जुन्या धाटणीची कॉफीगृहे. जाकार्ताच्या आग्नेयेस सुमारे १५० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून ७०० मीटरांहून अधिक उंचीवर, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या पठारावर हे शहर वसले आहे. हवा थंड, माती सुपीक. डच अमदानीत त्याला 'जावाचे पॅरिस' म्हणत. यादीतली सारी ठिकाणे पाहण्याजोगीच आहेत. मात्र ती कोणत्या क्रमाने आणि कशाच्या आधाराने उभी राहिली, हे समजून घ्यायचे असेल तर शहराच्या मध्यातून जाणाऱ्या एका रस्त्यापाशी थांबावे लागते. आज त्याचे नाव 'जालान आसिया आफ्रिका', म्हणजे आशिया-आफ्रिका मार्ग.

आपल्याकडे जावा म्हटले की बोरोबुदूरचा स्तूप, प्रंबाननची मंदिरे आणि रामायणावरील छायानाट्ये आठवतात. प्राचीन काळी भारतीय संस्कृती सागरापार गेली याचा आपल्याला अभिमान असतो. त्या अभिमानाच्या सावलीत, गेल्या दोनशे वर्षांत भारतीय माणूस या बेटावर कशासाठी आणि कोणाच्या बाजूने आला, हा प्रश्न झाकला जातो. बांडुंगचा हा रस्ता त्या प्रश्नाकडे नेतो.

प्रारंभ मात्र रस्त्याच्याही आधीपासून करायला हवा. शहराच्या उत्तरेस तांगकुबान पराहु हा जागृत ज्वालामुखी आहे. नावाचा अर्थ 'पालथी नाव'. दुरून पाहिले तर डोंगरमाथा खरोखरच उलट्या होडीच्या तळासारखा दिसतो. विवराच्या काठापर्यंत मोटार जाते, त्यामुळे सहलीला आलेल्या कुटुंबांची तेथे गर्दी असते. हा डोंगर निव्वळ शोभेचा नाही, याची आठवण जुलै २०१९ मध्ये झालेल्या उद्रेकाने करून दिली. त्यात विवराभोवतीचा परिसर राखेने माखून गेला होता.

सुंदा लोकांची कथा अशी. सांगकुरियांग हा तरुण नकळत आपल्याच आईच्या, दायांग सुंबीच्या, प्रेमात पडतो. सत्य कळल्यावर ती अशक्य वाटणारी अट घालते : एका रात्रीत चितारुम नदीला बांध घालून सरोवर कर आणि त्यात फिरायला नाव बांध. काम पुरे होत आले असे दिसताच ती खोटी पहाट उजळवते आणि कोंबडे आरवतात. संतापलेला सांगकुरियांग अर्धवट नाव लाथाडतो. ती पालथी पडते आणि तिचा डोंगर होतो. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले अशी कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. नवल असे की भूशास्त्रही जवळपास हेच सांगते. ज्वालामुखीतून आलेल्या द्रव्याने चितारुमचा प्रवाह अडला आणि या पठारावर प्रागैतिहासिक काळी खरोखरच विस्तीर्ण सरोवर होते. आजचे शहर त्या आटलेल्या सरोवराच्या तळावर उभे आहे. 'बांडुंग' हे नाव 'बेंदुंग', म्हणजे बांध, या शब्दावरून आले असे मानतात.

कथेतले एका रात्रीचे बांधकाम अपुरे राहिले. इतिहासातले तशाच घाईचे बांधकाम मात्र पुरे झाले. १८०८ च्या जानेवारीत हर्मान विलेम डान्डेल्स हा गव्हर्नर जनरल म्हणून जावाला आला. हॉलंड तेव्हा नेपोलियनच्या भावाच्या अमलाखाली होते. ब्रिटिश आरमारापासून जावा वाचवणे हे डान्डेल्सचे मुख्य काम. त्यासाठी त्याने पश्चिमेच्या अन्यरपासून पूर्वेच्या पानारुकानपर्यंत सुमारे १,००० किलोमीटरचा 'महा टपालमार्ग' आखला. काही भागांत जुन्या वाटाच रुंद केल्या, काही ठिकाणी डोंगर फोडले. मजूर पुरवण्याची जबाबदारी स्थानिक सरदारांवर टाकली होती. प्रियांगनच्या डोंगराळ टप्प्यात किती माणसे मेली याचा काटेकोर हिशेब कोणी ठेवला नाही. संपूर्ण मार्गासाठी १२,००० हा आकडा वारंवार सांगितला जातो. मजुरी द्यायचे ठरले होते का आणि ठरले असल्यास ती कोणाच्या खिशात गेली, याविषयी इतिहासकारांत अजून वाद आहे. इंडोनेशियाचे थोर कादंबरीकार प्रामुद्या आनंता तूर यांनी या रस्त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. अनामिक मृतांची नोंद कोणीतरी घ्यावी ही तळमळ त्यामागे होती.

बांडुंग हे या रस्त्याचे अपत्य. परगण्याची जुनी राजधानी सुमारे ११ किलोमीटर दक्षिणेस होती. त्या जागेला आजही दायेउहकोलोत, म्हणजे 'जुने नगर', म्हणतात. राजधानी नव्या रस्त्याजवळ हलवावी असा डान्डेल्सचा आदेश निघाला आणि तिथला अधिपती विरानाताकुसुमा दुसरा याने नवे नगर वसवले. २५ सप्टेंबर १८१० हा शहराचा स्थापनादिन मानला जातो. डान्डेल्सने जमिनीत काठी रोवून 'मी परत येईन तेव्हा येथे शहर उभे असले पाहिजे' असे फर्मावल्याची आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, त्या जागी आज शून्य किलोमीटरचा दगड आहे आणि शेजारी रस्ता दाबण्याचे जुने वाफेचे यंत्र ठेवले आहे. ज्या हातांनी मूळ रस्ता केला त्यांच्या वाट्याला असले यंत्र आले नव्हते.

ज्या शत्रूसाठी एवढा खटाटोप केला तो १८११ मध्ये आलाच. ब्रिटिशांनी जावा जिंकले आणि त्या फौजेत बंगालच्या हिंदी शिपायांचा भरणा मोठा होता. हे आपले पहिले आगमन : दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी तिसऱ्याचा देश जिंकायला.

पुढे डच परतले आणि रस्त्यावरून कॉफी वाहू लागली. प्रियांगनच्या शेतकऱ्यांवर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासूनच सक्तीच्या कॉफी-लागवडीचा बोजा होता. तो पुरता उतरायला विसाव्या शतकाचे दुसरे दशक उजाडावे लागले. कॉफीमागून सिंकोना आणि चहा आले. १८८४ मध्ये रेल्वे बांडुंगला पोहोचली आणि शहराची जणू फाळणी झाली. रुळांच्या उत्तरेस युरोपीयांचे बंगले आणि रुंद छायादार रस्ते, दक्षिणेस देशी लोकांची दाट वस्ती. मळेवाले शनिवार-रविवार घालवायला डोंगरांवरून उतरत. त्यांच्यासाठी ब्रागावर दुकाने थाटली गेली आणि टपालमार्गावर 'सोसिएतेत कॉन्कॉर्डिया' हे क्लबगृह उभे राहिले. त्याच्या नृत्यगृहातील जमीन इटालियन संगमरवराची होती. देशी माणसाला आत प्रवेश मिळे तो बहुधा सेवक म्हणूनच.

या काळातील वास्तू आज प्रवाशाला भुरळ घालतात आणि ते योग्यच आहे. राजधानी बटावियाहून येथे आणण्याचा डच सरकारचा विचार होता. त्यातूनच १९२० मध्ये पायाभरणी झालेली 'गेदुंग सते' ही कचेरी उभी राहिली. शिखरावरील गोळे सळईत ओवलेल्या मांसाच्या तुकड्यांसारखे, म्हणजे सतेसारखे, दिसतात म्हणून लोकांनी तिला हे नाव दिले. लेम्बांगची बोस्खा वेधशाळा कार्ल बोस्खा या चहामळेवाल्याच्या देणगीतून १९२३ मध्ये आकाराला येऊ लागली. दक्षिण गोलार्धाचे आकाश न्याहाळण्यात तिने मोलाची कामगिरी केली आहे. मळ्यातला पैसा सक्तीचा असला म्हणून दुर्बिणीतून दिसलेले तारे खोटे ठरत नाहीत आणि तारे खरे म्हणून मळ्यातली सक्ती पुसली जात नाही. बांडुंगमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

१९२० मध्ये येथे तंत्रशिक्षणाचे महाविद्यालय निघाले. वसाहतीला अभियंते हवे होते. त्यातून १९२६ मध्ये बाहेर पडलेला एक अभियंता म्हणजे सुकार्णो. पुढच्याच वर्षी त्याने याच शहरात राष्ट्रीय पक्ष स्थापला आणि १९२९ च्या डिसेंबरात त्याला अटक झाली. बन्चय तुरुंगातील पाच क्रमांकाच्या कोठडीत त्याने आपले बचावाचे भाषण लिहिले. शौचाचे भांडे पालथे घालून त्यावर कागद ठेवून लिहिल्याची हकीकत सांगितली जाते. बाहेर त्याची पत्नी इंगित गार्नासिह शिवणकाम करून संसार चालवत होती आणि भेटीला येताना बातम्या पोहोचवत होती. १९३० मध्ये डच न्यायालयासमोर केलेले ते भाषण 'इंडोनेशियाचा अभियोग' या आशयाच्या नावाने प्रसिद्ध आहे. आरोपीच फिर्यादी झाला होता. लोकमान्यांचा १९०८ चा खटला ज्यांच्या मनात ताजा आहे त्यांना त्या न्यायालयातील वातावरणाची कल्पना यावी. सुकार्णोला चार वर्षांची शिक्षा झाली. तुरुंग पुढे पाडला गेला, मात्र ती कोठडी दुकानांच्या गर्दीत राखून ठेवली आहे. न्यायालयाची इमारतही पाहता येते. टपालमार्गापासून दोन्ही ठिकाणे पायी जाण्याच्या अंतरावर आहेत.

दुसरे आगमन १९४५ चे. जपान शरण गेला, १७ ऑगस्टला सुकार्णो आणि हत्ता यांनी स्वातंत्र्य जाहीर केले आणि काही आठवड्यांत ब्रिटिश सेना जपान्यांची शस्त्रे काढून घेण्यासाठी उतरली. तिच्या आडून डच प्रशासन परत येत होते. ही सेना प्रामुख्याने भारतीय आणि गुरखा सैनिकांची होती. सुराबायाला उतरलेल्या ४९ व्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. ऑक्टोबरअखेरीच्या भीषण लढाईत त्यांचे मोठे नुकसान झाले. सातारा-कोल्हापूरकडच्या किती घरांत त्या तारा पोहोचल्या असतील! बर्मातून जिवंत वाचलेली माणसे, स्वतःचा देश परतंत्र असताना, दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्याविरुद्ध मेली. नेहरूंनी भारतीय सैन्याच्या या वापराचा तेव्हाच जाहीर निषेध केला होता. काही शेकडा भारतीय सैनिक तर फौज सोडून इंडोनेशियन बाजूला गेले.

बांडुंगमध्ये रेल्वेमार्ग ही दोन पक्षांमधली सीमा झाली. मार्च १९४६ मध्ये ब्रिटिशांनी सशस्त्र इंडोनेशियनांना शहर सोडून ११ किलोमीटर दूर जाण्याचे निर्वाणीचे बजावणे दिले. २४ मार्चच्या रात्री दक्षिण बांडुंगच्या रहिवाशांनी घरे पेटवली आणि सुमारे दोन लाख माणसे डोंगरांकडे चालू लागली. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून आपले घर आपणच जाळायचे! इंडोनेशियात ही घटना 'बांडुंग अग्निसागर' या नावाने ओळखली जाते. तिचे स्मारक शहरात आहे, पण परदेशी प्रवाशांच्या यादीत ते क्वचितच आढळते.

आणि तिसरे आगमन १९५५ चे. १८ ते २४ एप्रिल या काळात २९ देशांचे प्रतिनिधी बांडुंगला जमले. निमंत्रक पाच : इंडोनेशिया, भारत, ब्रह्मदेश, सिलोन आणि पाकिस्तान. परिषदेपूर्वी सुकार्णोने कॉन्कॉर्डिया क्लबचे नाव बदलून 'गेदुंग मर्देका', म्हणजे स्वातंत्र्यभवन, केले आणि टपालमार्गाचा हा भाग आशिया-आफ्रिका मार्ग झाला. नेहरू, चौ एन-लाय, नासेर, ऊ नू हे पुढारी हॉटेलांतून सभागृहापर्यंत गर्दीतून चालत जात. ज्या मार्गावर वेठीची माणसे राबली आणि ज्या दारातून देशी माणूस पाहुणा म्हणून जाऊ शकत नव्हता, तेथून ही मिरवणूक आत गेली. पंचवीस वर्षांपूर्वी याच शहरात आरोपी असलेला माणूस यजमान होता.

या परिषदेचे मोल मराठी माणसांनीही चुकते केले आहे. चिनी शिष्टमंडळासाठी ठरवलेले एअर इंडियाचे 'काश्मीर प्रिन्सेस' हे विमान ११ एप्रिल १९५५ रोजी हाँगकाँगहून निघाले. चौ एन-लाय यांना मारण्यासाठी त्यात बॉम्ब ठेवला होता. ते त्या विमानात नव्हते. नातुना बेटांजवळ स्फोट झाला. पेटलेले विमान कॅप्टन दा. का. जटार यांनी समुद्रावर उतरवण्याची पराकाष्ठा केली. १९ पैकी १६ जण गेले. कॅप्टन जटार आणि हवाई सेविका ग्लोरिया बेरी यांना अशोकचक्र देण्यात आले. वाचलेल्या तिघांत सहवैमानिक दीक्षित, मार्गदर्शक पाठक आणि अभियंता अनंत कर्णिक होते. कर्णिकांनी पुढे हा अनुभव पुस्तकरूपाने लिहिला. दहा वर्षांपूर्वी मराठा पलटणी जावावर आल्या त्या साम्राज्याच्या हुकमाने. हे विमान निघाले होते ते स्वतंत्र देशाच्या वतीने.

परिषदेचे गोडवे गाताना पुढचे विसरता येत नाही. भारत-चीन मैत्रीचा शेवट १९६२ च्या युद्धात झाला. सुकार्णोने संसदीय लोकशाही गुंडाळली आणि १९६५-६६ मध्ये इंडोनेशियात लाखो माणसांची कत्तल झाली. दशसूत्री जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांनीच त्यातली सूत्रे मोडली. तरीही त्या एप्रिलमध्ये जे घडले ते निरर्थक ठरत नाही. युरोपला न विचारता एकत्र बसता येते, हे त्या सभागृहात प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाले.

२०२३ पासून चीनच्या साह्याने बांधलेली अतिवेगवान रेल्वे जाकार्ताहून पाऊण तासाच्या आसपास बांडुंग परिसरात आणून सोडते. विवर पाहावे, मळ्यातून हिंडावे, संध्याकाळी अंगक्लुंग ऐकावे. बांबूच्या या वाद्यातून एका वेळी एकच स्वर निघतो. सूर पुरा करायला अनेक हात लागतात. पण एक सकाळ आशिया-आफ्रिका मार्गासाठी राखून ठेवावी. शून्य किलोमीटरच्या दगडापासून स्वातंत्र्यभवनापर्यंतचे अंतर काही मिनिटांचे आहे. ते चालताना वेठीचा मजूर, पलटणीतला शिपाई आणि समुद्रात बुडालेला वैमानिक यांची आठवण ठेवली, तर बांडुंग पाहिल्यासारखे होईल.