उल्लाळची राणी



मंगळूरकडे जाणारी आपली मंडळी धर्मस्थळ, मूडबिद्री, कारकळ, वेणूर अशी यात्रा करून परततात. नेत्रावतीचा पूल ओलांडून उल्लाळला कोणी जात नाही. तिथे राणी अब्बक्काचा पुतळा आहे, आणि ती आपलीच, जैन चौटा घराण्यातली. म्हणून आम्ही मुद्दाम गेलो.

कारकळचा 42 फुटी बाहुबली 1432 साली वीर पांड्य भैररसाने उभारला, वेणूरचा 35 फुटी 1604 साली तिम्मण्ण अजिलाने. अब्बक्का याच तुळुनाडूतली. चौटांचा वारसा मामाकडून भाच्याकडे, म्हणजे आईच्या बाजूने चाले, त्यामुळे स्त्रीही गादीवर बसे. उल्लाळ बंदरातून मिरी आणि तांदूळ बाहेर जाई. पोर्तुगीजांना खंडणी हवी होती, शिवाय जहाजांनी त्यांचाच परवाना घ्यायचा. (समुद्र कुणाच्या खात्यावर चढवला होता कोण जाणे! बी.कॉम.ची खोड जात नाही.) राणीने नकार दिला आणि ती लढली. तिच्या बाजूने मोगवीर कोळी आणि मुसलमानही लढले, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात.

पुतळ्यापाशी सूनबाईने विचारलं, "आई, जैन राणी आणि हातात शस्त्र? मग अहिंसेचं काय?"

प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाने संकल्पी हिंसा, म्हणजे ठरवून केलेली, पूर्ण सोडायची. स्वयंपाकातली आरंभी आपल्याकडून रोज घडते. घरादाराच्या, प्रजेच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. गृहस्थाला ती सुटत नाही, पण कर्मबंध चुकतो असंही नाही. राणीचा तो हिशेब तिच्याच खात्यावर, आपण काय मांडणार? बाहुबलीसुद्धा भरताशी लढलाच की. फक्त सैन्यं बाजूला ठेवून दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध केलं आणि जिंकत असताना सगळं सोडून निघाला. डोंगरावर उभा आहे तो त्यानंतरचा.

अब्बक्का नावाच्या एकाहून अधिक राण्या झाल्या आणि त्यांच्या कथा एकमेकींत मिसळल्या आहेत. पुतळ्याचा चेहरा शिल्पकाराच्या मनातला. पण यातल्या एकीला पाहिलेला माणूस आहे. पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी 1623 साली तिला भेटला. ती अनवाणी होती, कमरेला साधं कापड, खांद्यावर एक वस्त्र, डोक्यावर ताडपत्रांची छत्री. दिसायला ही राणीपेक्षा स्वयंपाकघरातली मोलकरीण वाटते, असं त्याने लिहून ठेवलं. बोलायला लागल्यावर मात्र राणी कोण ते त्याला कळलं. त्या वेळी ती दरबारात नव्हती. शेतात पाण्याचे चर खणायचं काम चाललं होतं, ते बघायला पायी निघाली होती.