थेंबाची साक्ष

रोगांच्या नावांत जुन्या समजुती टिकून राहतात. ‘गाउट’ हा शब्द लॅटिनमधील ‘गुट्टा’, म्हणजे थेंब, यावरून आला. दूषित रस थेंबाथेंबाने सांध्यात उतरतो, अशी मध्ययुगीन युरोपातील वैद्यांची धारणा होती. पुढे ही व्याधी खादाडीचे आणि मद्यपानाचे फळ मानली गेली. रोग्याच्या पदरी वेदनेबरोबर दोषही आला.

१६७९ साली डेल्फ्टच्या लेव्हेनहुकने अशा रोग्याच्या गाठीतील खडूसारखा पदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याला सुईसारखे कण दिसले. ते कशाचे, हे उमगले नाही. १७९७ मध्ये वुलस्टनने अशा गाठींत युरिक आम्ल असल्याचे दाखवले. तरीही निदान दीर्घकाळ लक्षणांवर आणि रक्तावर विसंबून राहिले.

१९६१ मध्ये अमेरिकेत मॅकार्टी व हॉलंडर यांनी सांध्यातून काढलेला द्रव ध्रुवित प्रकाशात तपासला, आणि युरेटचे स्फटिक उजळून दिसले. परंतु लक्षणांवरून गाउटच वाटावा अशा काही रोग्यांच्या द्रवात निराळे स्फटिक आढळले: कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे. १९६२ मध्ये त्या आजाराला ‘स्यूडोगाउट’, म्हणजे आभासी गाउट, हे नाव मिळाले.

थेंबाची जुनी कल्पना चुकीची होती. निर्णय मात्र अखेर थेंबानेच दिला. तोही अंतिम नव्हे. स्फटिक सापडले तरी त्याच सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. म्हणून द्रवातील पेशी मोजतात, जंतूंचाही शोध घेतात. एक अर्थ हाती लागताच वाचन थांबवणाऱ्या आम्हां साहित्याच्या अभ्यासकांना ही सावधगिरी परकी वाटू नये.