नेमबाजीचे एक उलटे यंत्र

१४९० साली मलिक अहमदाने वसविलेल्या आणि अलीकडे अहिल्यानगर हे नाव धारण केलेल्या या शहराची शस्त्रविद्येतील कीर्ती मुख्यत्वे एका तोफेवर उभी आहे. पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या अमदानीत, १५४९ साली, रुमीखान या तुर्की उस्तादाने येथे ओतलेली, सुमारे १४ फूट लांबीची व ५५ टनांच्या घरातली मलिक-ए-मैदान पुढे परांड्यास व तेथून विजापुरास गेली, आणि हत्तीला गिळणाऱ्या सिंहाचा जबडा वासून ती अद्यापि तेथील बुरुजावर विराजमान आहे. नगरात मात्र तोफखाना नावाचा भाग, भिंगारची छावणी आणि रणगाड्यांचे संग्रहालय एवढा वारसा उरला. अशा शहराच्या पार्श्वभूमीवर, जिच्यातून काहीच सुटत नाही अशा खेळण्यातल्या प्रकाश-बंदुकीचे चरित्र सांगू पाहणे कोणास थट्टेचे वाटेल. परंतु तिचे कुळ निजामशाही तोफखान्यात धुंडाळणे व्यर्थ आहे, ते जत्रेत सापडते.

पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांच्या यात्रेत किंवा नवरात्रात मोहटादेवीच्या पायथ्याशी, फळीवर ओळीने टाचलेले फुगे छऱ्याच्या बंदुकीने फोडण्याचे जे दुकान मांडलेले असते, त्याच्या मालकास छरे विकत घ्यावे लागतात, फुगे पुनःपुन्हा फुगवावे लागतात आणि एखाद्या उत्साही गिऱ्हाइकाचा नेम भलतीकडे जाईल ही धास्ती वाहावी लागते. हीच विवंचना अमेरिकेतील जत्रांनाही होती, आणि १९३६ साली सीबर्ग कंपनीने रे-ओ-लाइट या यंत्राद्वारे तिच्यावर तोडगा काढला: बंदुकीने प्रकाशाचा झोत फेकावा, आणि खोट्या बदकाच्या अंगी बसविलेल्या प्रकाशसंवेदी घटाने तो ओळखून बदकास पाडावे. जपानात १९७० साली निन्टेन्डोच्या गुन्पेई योकोईंनी, शार्प कंपनीतून सौरघट विकण्यास आलेल्या मासायुकी उएमुरांच्या साहाय्याने, हीच युक्ती घरगुती खेळण्यात उतरविली. १९७३ साली तर ओस पडलेल्या बोलिंगच्या दालनांत प्रकाशाच्या नेमबाजीचे आखाडे उघडले गेले.

दूरचित्रवाणीच्या पडद्याने मात्र हा व्यवहार उलटा केला. पडद्यावरील बदकास घट चिकटविता येत नाही. तेव्हा घट बंदुकीच्या नळीत गेला आणि प्रकाश फेकण्याचे काम लक्ष्याकडे आले. १९७२ च्या ओडिसी या घरगुती टीव्ही-खेळाच्या यंत्राची रायफल इतकी भोळी होती की घरातल्या दिव्याकडे रोखली तरी तिला शिकार साधल्याचा भास होई. निन्टेन्डोच्या १९८४ च्या ‘डक हंट’ या खेळात ही लबाडी बंद झाली: चाप ओढताच पडदा क्षणार्ध काळा होतो, पुढच्याच चौकटीत बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि आधी अंधार व मग उजेड असा क्रम नळीने पाहिला तरच नेम मान्य होतो, सदैव जळणारा दिवा पहिल्याच कसोटीत नापास ठरतो. माझ्या मते या खेळण्याच्या इतिहासातील खरी प्रतिभा हीच, आणि ती कोणत्याही चित्राच्या सौंदर्याहून श्रेष्ठ आहे.

नव्वदीच्या दशकात आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत शिरलेल्या स्वस्त टीव्ही गेमांसोबत जी नकली पिस्तुले येत, ती याच तत्त्वावर चालत. त्याच सुमारास, हे गेम ज्याची नक्कल होते त्या निन्टेन्डोच्या मूळ जपानी यंत्रातील अनेक चिपांचे काम एकाच चिपेत सामावू लागल्याने यंत्राचा वेगळा डबा अनावश्यक ठरला. संपूर्ण यंत्र पिस्तुलाच्या पोकळ पोटात बसवून केवळ तारा दूरचित्रवाणीस जोडण्याची सोय झाली. आज हौशी मंडळी त्याच कवचात रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याएवढा संगणक ठेवतात, दस्त्यात विजेरी घालतात आणि शेकडो जुने खेळ एका मुठीत बाळगतात.

अडचण पडद्याची उरते. जुनी काचेची चित्रनळी प्रत्येक रेघ उजळताच तिचा उजेड तत्क्षणी बाहेर टाकी. आजचा सपाट पडदा चित्र आधी साठवून, काही सहस्रांश सेकंद उशिराने दाखवितो, आणि तेवढ्यात बंदुकीची परीक्षा उलटून गेलेली असते. म्हणून नवे कारागीर नळीत घटाऐवजी लहानसा कॅमेरा बसवितात, पडद्याभोवती पांढरी चौकट आखतात, आणि त्या चौकटीच्या दिसणाऱ्या तिरकस आकारावरून नळी कोठे रोखली आहे याचा हिशेब संगणकाकडून करवून घेतात. ज्यांना एवढा खटाटोप नको, ते जुना चित्रनळीचा टीव्ही शोधत भंगारवाल्याकडे जातात.