न झालेल्या स्टेशनाचे छायाचित्र

गेल्या दिवाळीत दौंड येथे आप्तांकडे गेलो असता त्यांच्या महाविद्यालयीन चिरंजीवांनी आम्हांस स्वतः सिद्ध केलेली दोन चित्रे दाखविली. पहिल्यात भीमेवरील रेल्वेचा पूल, धुराचे लोट सोडणारे इंजिन आणि वर ढगांत अर्धवट बुडालेले झेपेलिन जातीचे अवाढव्य हवाई जहाज. दुसऱ्यात शिरूर: घोडनदीच्या काठी कमानदार दगडी स्टेशन, फलाटावर पागोटेवाली मंडळी आणि रुळांवर पितळी नळ्यांनी मढविलेली कसलीशी रॉकेटगाडी. दोन्ही चित्रे चहाच्या डागासारख्या रंगाची, कोपरे झिजलेली, जणू आजोबांच्या पेटीतूनच निघालेली. शिरूर हे माहेर असलेल्या आजींनी चष्मा पुसून दुसरे चित्र न्याहाळले आणि विचारले, “अगबाई, आमच्याकडं स्टेशन होतं? मग ते मोडलं कधी?” ती चमत्कारिक गाडी त्यांच्या दृष्टीस पडलीच नाही, स्टेशन मात्र मनात भरले.

चिरंजीव हसले. आम्हांस तितकेसे हसू आले नाही.

जुन्या काळाने कल्पिलेला भविष्यकाळ पुन्हा रंगविण्याचा हा छंद सांप्रत बराच रूढ झाला आहे. कृती त्यांनी मोठ्या हौसेने समजावून दिली. पुलाचे छायाचित्र स्वतःच्या फोनने घेतलेले. जहाज एका जुन्या चित्रातून कापलेले. एकावर एक थर रचून, कडा पुसून, शेवटी रंग उडवून वर जुन्या फिल्मची रवाळ छटा पसरलेली. परंतु दोन संध्याकाळी गेल्या त्या सावलीपायी. पुलावर ऊन डावीकडून, जहाजावर उजवीकडून. हा विसंवाद राहिला असता तर सारा डाव फसता!

ही विद्या संगणकाबरोबर जन्मली असा पुष्कळांचा समज आहे, तो बरोबर नाही. 1857 साली इंग्लंडात ऑस्कर रेलँडर याने तीसांहून अधिक निगेटिव्ह जुळवून एकच भव्य चित्र तयार केले. पुढील वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच निगेटिव्हमधून मरणोन्मुख मुलीचे चित्र साधले. मृत्युशय्या चित्रकाराने रंगविली तर त्या काळी कोणाची हरकत नसे. छायाचित्रात तीच पाहून मात्र लोक दुखावले. छायाचित्र म्हणजे साक्ष, ही समजूत इतकी जुनी आहे. आजींचा प्रश्न त्याच समजुतीतून आला.

आपल्याकडे या कलेचे आद्य आचार्य दादासाहेब फाळके. लोणावळ्याजवळील रविवर्मा छापखान्यासाठी त्यांनी शिळाछापाचे काम केले होते, म्हणजे दौंडच्याच लोहमार्गावर, याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकास. चित्रपटाच्या व्यवसायास भांडवल मिळावे म्हणून 1912 साली त्यांनी वाटाण्याच्या अंकुराची वाढ थोडीथोडी टिपून पडद्यावर क्षणार्धात वेल वाढविली. ते जादूचे प्रयोगही करीत, आणि आपले आडनाव उलटून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणवून घेत. 1902 साली चंद्रावर तोफेतून माणसे धाडणारा फ्रेंच चित्रपटकार मेलिएस हाही जादूगारच, ही मौज ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या काळची युक्ती साधी: पार्श्वभूमी काळी ठेवावयाची, म्हणजे फिल्मचा तेवढा भाग कोरा राहतो, फिल्म मागे फिरवून त्याच जागी दुसरे दृश्य घ्यावयाचे. आज ज्याला थर म्हणतात तो हाच. ‘फोटोशॉप’ हे सॉफ्टवेअर रचणाऱ्या नोल बंधूंपैकी जॉन हे चित्रपटांतील चमत्कृती घडविणाऱ्या कारखान्यातच नोकरीस होते. 1990 साली ते बाजारात आले. कुलपरंपरा ही अशी सरळ आहे.

भेद आहे तो वेगळ्याच ठिकाणी. मेलिएसचा चंद्र हा त्याच्या प्रेक्षकांचा उद्या होता. आमच्या चिरंजीवांचे जहाज हा कोणाचा तरी होऊन न गेलेला काल आहे. आणि तो अगदीच निराधार नाही. 4 ऑक्टोबर 1930 रोजी ‘आर 101’ हे ब्रिटिश हवाई जहाज इंग्लंडाहून कराचीकडे निघाले. कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होती आणि तेथे त्याच्यासाठी प्रचंड हँगर बांधून तयार होता. दुसऱ्याच पहाटे जहाज फ्रान्समध्ये कोसळून 48 माणसे दगावली, आणि इंग्रजांनी तो नादच सोडला. ते पोहोचते तर भीमेवरून एखादे जहाज तरंगत जाणे अशक्य नव्हते.

शिरूरच्या स्टेशनाचे तसे नाही, ते झोंबते. 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगावास लढलेली इंग्रजी तुकडी शिरूरच्या छावणीतूनच निघाली होती. त्या काळी दौंडास कोण विचारीत होते? पुढे लोहमार्ग भीमेच्या अंगाने गेला, 1860 साली सोलापुरास पोहोचला, 1878 साली दौंडाहून मनमाडचा फाटा फुटला, आणि दौंड जंक्शन झाले. शिरूर शहरास रेल्वे आजतागायत आलेली नाही. तेव्हा आजींनी पाहिले ते नुसते खोटे चित्र नव्हे. गावाची दीड शतकांची हुकलेली गोष्ट त्यांना झालेली म्हणून दिसली. खरा इतिहास सांगणारे त्या काळाचे एकही छायाचित्र त्या घरात नव्हते, आणि खोटे मात्र दोन दिवसांत तयार झाले होते!

कोपऱ्यात ‘कल्पित’ एवढे तरी लिहावे, असे आम्ही सुचविले. पुलाच्या चित्रास त्याची गरज नाही, जहाजच पुरेसे बोलते, असे चिरंजीवांचे म्हणणे. ते आम्हांसही पटले. स्टेशनावर मात्र त्यांनी ते लिहिले. आजींनी एक प्रत मागितली, ती अक्षरांवाचून. “मजकूर कशाला, चित्र खराब होतं.” अखेर तो शब्द मागील बाजूस छापून प्रत त्यांना देण्यात आली.